ड्रिलबाईंनी बाथरूम फोडायला घेतलं

शाळेत त्या कवायत शिकवायच्या, म्हणून मुलांनी त्यांचं नाव ड्रिलबाई ठेवलं होतं. निवृत्त झाल्या, पण नाव काही निवृत्त झालं नाही. भाजीवाला त्यांना ड्रिलबाई म्हणायचा, इमारतीतल्या सुना म्हणायच्या, आणि चुकून एकदा खुद्द जावयाच्या तोंडूनही निघून गेलं होतं. बाईंना त्याचं काही वाटत नसे. आवाज खणखणीत, खांदे रुंद, चाल अशी की जिन्यावरच्या पावलांवरून कोण येतंय ते तिन्ही मजल्यांना कळावं. मैदानावर त्यांना शिट्टी लागत नसे. "ए, रांगेत!" म्हटलं की पलीकडच्या रस्त्यावरची माणसंसुद्धा सरळ चालू लागत.

यजमान याच्या अगदी उलट. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. अंगकाठी किडकिडीत, बोलणं हळू, आणि धुळीची एवढी धास्ती की पंखा पुसायचा म्हटलं तरी हे आधी गॅलरीत जाऊन उभे.

अशा घरात बाथरूमची फरशी उचकटायचा प्रसंग आला तो यजमानांमुळेच. एका सकाळी ते अंगाला साबण लावून उभे असताना भिंतीवरची एक टाइल सुटली आणि थेट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर आली. तसेच फेसाळलेले, टॉवेल गुंडाळून, एका पायावर उड्या मारत ते बाहेर आले. बाईंनी आत जाऊन भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं. अर्धी भिंत डब्यासारखी वाजली. आतून ओल धरली होती. आज एक पडली, उद्या सगळ्या पडतील.

गवंडी बोलावला. त्याने येऊन भिंतीकडे पाहिलं, दोनदा मान हलवली, "उद्या येतो" म्हणाला आणि गेला. तो उद्या काही केल्या उजाडेना. बाई फोन करायच्या, तो तिकडून तितक्याच प्रेमाने "उद्या नक्की" म्हणायचा. शेवटी एके दिवशी फोन खाली ठेवून बाई म्हणाल्या, "मी करते."

"काय करतेस?" यजमानांनी विचारलं.

"बाथरूम."

"अगं, म्हणजे काय भाजी आहे का ती?"

पण बाईंनी एकदा मनावर घेतलं की झालं. मोबाइलवर फरशी बसवण्याचे व्हिडिओ बघायला त्या वहीपेन्सिल घेऊन बसल्या. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन छिन्नी, हातोडा, थापी, लेव्हल असं सगळं घेतलं. दुकानदार म्हणाला, "मिस्त्रींनाच पाठवा ना, ते बघून घेतील." बाई म्हणाल्या, "मिस्त्री तुमच्यासमोर उभ्या आहेत." शेवटी त्यांनी एक ड्रिल मशीनही उचललं, आणि इमारतीत दिवसभर तो एकच विनोद फिरला.

आता राहिला प्रश्न शेजाऱ्यांचा.

बाईंच्या आणि शेजारच्या घराची बाथरूमं पाठीला पाठ लावून होती, मध्ये एकच भिंत. त्या घरात एकटे राहणारे गृहस्थ कोर्टात लघुलेखक होते. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं शब्दन् शब्द टिपून घेतलं, म्हणून की काय, आता त्यांना कोणाचा आवाज म्हणून सहन होत नसे. बायको गेल्यापासून तर फारच. मिक्सर लागला की ते भिंत ठोकणार, रेडिओ लागला की ठोकणार, बाई नेहमीच्या आवाजात बोलल्या तरी ठोकणार. सगळे त्यांना पाठीमागे शांतताराव म्हणत. तोंडावर काका.

बाई रीतसर त्यांच्या दारात गेल्या. "काका, बाथरूमचं काम काढलंय. थोडा आवाज होईल."

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे... होईल."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "दहाच्या आधी नाही. जेवणानंतर नाही. आणि गाणी म्हणू नका."

"मी कुठे गाणी म्हणते?"

"म्हणता," एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

पहिला दिवस झकास गेला. बाईंनी नळाचा कॉक बंद केला, नाकाला फडकं बांधलं, कानात कापसाचे बोळे घातले आणि दाराकडची भिंत सोलायला घेतली. टाइलच्या कडेला छिन्नी लावायची, हातोड्याचा एक ठोका द्यायचा, आणि पापुद्रा निघावा तशी टाइल हातात. अधूनमधून पलीकडून ठोके यायचे, बाई मिनिटभर थांबायच्या आणि पुन्हा सुरू. दिवस मावळेपर्यंत राडारोड्याची पोती भरून जिन्यात उभी राहिली आणि बाईंच्या तळहाताला फोड आले. ते फोड त्यांनी जेवताना यजमानांना असे दाखवले, जसं काही पदकच मिळालंय.

दुसऱ्या दिवशी काकांकडच्या भिंतीचा नंबर होता. बाईंनी दहाचे ठोके पडू दिले आणि मगच हातोडा उचलला. दोनचार टाइला निघाल्या असतील नसतील, तोच पलीकडून सुरू झालं. ठक, ठक, ठक.

बाई थांबल्या. घड्याळाकडे पाहिलं. आपण वेळेत आहोत. पुन्हा सुरू केलं. पुन्हा ठक, ठक, ठक.

"अगं, थांब ना जरा," यजमान बाहेरून म्हणाले.

"का थांबू? दहानंतर चालेल असं त्यांनीच सांगितलंय." बाईंचा पारा चढला. "आज यांना कामधंदा नाही वाटतं. एवढी वर्षं ऐकून घेतलं. आता ऐकू दे जरा त्यांनाही."

आणि त्यांनी हातोड्याच्या दांड्याने भिंतीवर तीन ठोके दिले. अगदी त्यांच्याच तालात. ठक, ठक, ठक.

क्षणभर शांतता. मग पलीकडून घाईघाईने तीन ठोके आले. बाईंनी तीन परत दिले. पलीकडून पुन्हा तीन. बाईंना हसू फुटलं.

"अहो, इकडे या! ऐका, जुगलबंदी चाललीय."

यजमान नाकाला रुमाल लावून दारात आले. बाईंनी चार ठोके दिले, पलीकडून चार आले. यजमान गालातल्या गालात हसले आणि मग दोघंही चांगली पोट धरून हसली. "त्यांना म्हणावं ताल चुकलाय," यजमान म्हणाले, आणि एवढा विनोद केल्याबद्दल स्वतःवरच खूश झाले.

मग बाईंनी चहाची सुट्टी घेतली. कानातले बोळे काढून ओट्याशी बसून चहा प्यायल्या. भिंतीतून ठोके येतच होते, पण आता विसावा घेत घेत. एक यायचा, बराच वेळ काही नाही, मग दुसरा. "दमले," बाई म्हणाल्या आणि दुसरा कप ओतून घेतला.

त्या परत आत गेल्या तेव्हा पलीकडे सामसूम होती. सामना आपण जिंकला, असं बाईंना वाटलं. खाली, फरशीलगतचा भाग तेवढा राहिला होता आणि तिथेच ओल सगळ्यात जास्त होती. टाइल हात लावताच सुटली. मागचं प्लॅस्टर भिजलेल्या बिस्किटासारखं गळून पडलं. त्यामागे अर्ध्या विटेची भिंत, आणि विटांमधला सिमेंटचा माल पार माती झालेला. ही वीट पक्की आहे की नाही बघावी, म्हणून बाईंनी छिन्नी टेकवून एक ठोका दिला.

वीट जागची हलली आणि पलीकडे गेली. धप्प करून आवाज आला.

बाईंनी छिन्नी मागे घेतली. पहिला विचार मनात आला तो हाच, की आता हा म्हातारा पोलिसात जाणार. भिंतीला आरपार भोक पडलं होतं आणि त्यातून पलीकडचा उजेड येत होता. ओरडा ऐकायला तयार होऊन त्या गुडघ्यांवर वाकल्या आणि भोकाला डोळा लावला.

आधी दिसला निळा प्लॅस्टिकचा मग. त्यानंतर तो धरलेला हात. हातामागे काका फरशीवर आडवे पडले होते. एक पाय माणसाचा पाय वळू नये तसा वळलेला. चेहरा राखेसारखा. आणि आत्ता पडलेली वीट त्यांच्या कानाशेजारी, हात ठेवायला जागा राहील न राहील एवढ्या अंतरावर पडली होती. विटेची लाल भुकटी त्यांच्या पांढऱ्या केसांवर उडाली होती.

बाईंनी ओरडायला तोंड उघडलं. ज्या आवाजाने अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं, तो आवाज गळ्यातून बाहेरच येईना. त्या नुसत्या हवा ओढत राहिल्या. हातोडा हातातून कधी पडला ते कळलं नाही, त्याचा आवाज मात्र झाला, आणि त्या आवाजाने काकांनी डोळे उघडले.

"आलात," ते म्हणाले. इतकं बारीक, की बाईंना ते ओठांवरूनच समजलं.

"अहो!" आता कुठे बाईंच्या तोंडून शब्द फुटला. यजमान धावत आले, वाकून बघितलं आणि मटकन ओल्या फरशीवरच बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि लगेच नजरा काढून घेतल्या. ठोके कशाचे होते, हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं होतं.

यजमानांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. काकांच्या दाराला आतून कडी होती, लोखंडी जाळीचं दार वेगळंच. खालच्या मजल्यावरचे दोघंजण वर येऊन दार ढकलून पाहत होते, ते हलत नव्हतं.

"भोक मोठं करते," बाई म्हणाल्या.

"ठोकू नकोस!" यजमान जवळजवळ किंचाळले. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांचा असा आवाज बाईंनी पहिल्यांदाच ऐकला.

बाईंनी हातोड्याला हात लावला नाही. विटांमधली माती नखांनी, छिन्नीच्या टोकाने उकरत एकेक वीट त्या स्वतःकडे ओढून काढू लागल्या. एकही खडा पलीकडे जाऊ नये म्हणून दुसरा हात भिंतीतून पलीकडे घालून विटेखाली धरला होता. कालचे फोड फुटले, बोटांना रक्त आलं. मध्येच पलीकडे घातलेल्या त्यांच्या हाताला काहीतरी गार लागलं. काकांची बोटं होती ती. त्यांनी बाईंचं मनगट धरलं आणि सोडेचनात. मग उरलेल्या विटा बाईंनी एका हाताने काढल्या.

भगदाड झालं, पण बाई त्यात मावणाऱ्या नव्हत्या. हात तसाच आत ठेवून त्या कडेला सरकून यजमानांकडे बघणार, तोवर यजमानांनी शर्ट काढलाही होता. धुळीला घाबरणारा तो माणूस, त्या भुकटीत आडवा होऊन, खरचटत, खोकत सापासारखा पलीकडे गेला. काकांना हळूच ओलांडून, उठून, धडपडत पुढे जाऊन त्याने कडी काढली. माणसं आत आली, स्ट्रेचर आलं. काकांना उचलताना बाईंचं मनगट त्यांच्या बोटांतून सोडवावं लागलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळी लवकर अंघोळ करताना पाय घसरला होता, आणि बंद दाराआडून हाका मारून मारून घसा बसला तेव्हा तो निळा मग हाताशी ओढून त्यांनी भिंत ठोकायला घेतली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर वयाच्या मानाने कठीण होतं.

इमारतीत मग एकच गजर झाला. ड्रिलबाईंनी भिंत फोडून माणूस वाचवला! गेटवरच्या वॉचमनने त्यांना कडक सलाम ठोकला. मुलीचा फोन आला, "आई, तू ग्रेट आहेस गं!" खालच्या मजल्यावरची शेजारीण तर डोळ्यात पाणी आणून म्हणाली, "तुम्हाला कसं हो कळलं ते आत पडलेत म्हणून?"

"मला कळलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"बघा, किती साधेपणा!"

बाईंनी दोनतीन जणांना खरं सांगून पाहिलं. मी त्यांना चिडवत होते, हसत होते. कोणी ते मनावरच घेतलं नाही. हा मोठेपणा झाला, असं म्हणून सगळे पुढे गेले. रात्री बाईंनी दोन घासांतच ताट सारलं. यजमान ताटावर बसून म्हणाले, "मीसुद्धा हसलो. ताल चुकलाय म्हणालो." एवढं बोलून त्यांनीही ताट सारलं.

ऑपरेशन झाल्यावर बाई दवाखान्यात भेटायला गेल्या. काकांची धाकटी बहीण परगावाहून आली होती. ती उशाशी बसून दादाला पेज भरवत होती. बाईंना बघताच ती उठली आणि तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

"दादाने सगळं सांगितलं मला. तुम्ही भिंतीतून सारखं उत्तर देत होतात ना? दादा म्हणाला, बाईंना कळलंय, त्या भिंत फोडून येतायत, एवढ्याचवर मी डोळे उघडे ठेवले."

बाईंनी खाटेचा गज धरला. त्या फटीतून दिसलेला चेहरा, ती कानाशेजारची वीट, सगळं त्या पचवू बघत होत्या. पण हे काहीतरी निराळंच होतं. आपण दिलेला प्रत्येक ठोका तिकडे तो माणूस धीर म्हणून झेलत होता. आपण चहा पीत होतो तेव्हा तो वाट बघत होता.

सांगितलं नसतं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. बहीण आनंदात होती, काकाही शांत दिसत होते. पण बाईंना ते तसं घेऊन घरी जाणं जमेना.

"काका," त्या म्हणाल्या, "मला काहीच कळलं नव्हतं. मला वाटलं तुम्ही नेहमीसारखी तक्रार करताय. मी उत्तर देत नव्हते, तुमची टिंगल करत होते. भिंत फुटली ती चुकून."

बहीण एक पाऊल मागे सरली. काकांनी नजर छताकडे वळवली.

"हसण्याचा आवाज आला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, घरात कोणी पाहुणे आलेत."

बाईंनी खाटेचा गज सोडला.

"आता जा तुम्ही," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "मला झोप येतेय."

बाई जिना उतरून खाली आल्या आणि दवाखान्याच्या फाटकाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, तशाच उभ्या राहिल्या. कोणी तरी "मावशी, जरा सरका" म्हणालं तेव्हा सरकल्या.

बहीण मात्र संध्याकाळी बाईंच्या घरी आली. दाराबाहेरच उभी राहिली, आत यायला तयार नव्हती. घराची किल्ली पुढे करून म्हणाली, "दादा घरी येण्याआधी ती भिंत तेवढी नीट व्हायला हवी. कोण करणार ते तुमचं तुम्ही बघा."

"मीच करते," बाई म्हणाल्या. त्यांनी किल्ली घेतली.

आधी त्यांनी विटांची भिंत नव्याने चढवली. मग आपलं बाथरूम तसंच उघडंबोडकं ठेवून त्या काकांकडे शिरल्या. तिथली फरशी त्यांनी तळव्याने चाचपली. इतकी गुळगुळीत, की कोरड्या पायानेही सटकावं. ती सगळी काढली. पाणी जायच्या जाळीकडे उतार धरून माल टाकला, खरखरीत टाइला बसवल्या. एक टाइल वाकडी बसली म्हणून माल ओला असतानाच ओळीच्या ओळ उचकटून पुन्हा केली. भिंतीला दणकट दांड्या लावल्या, आणि प्रत्येक दांडीला स्वतः लोंबकळून पाहिलं. यजमान फडकं बांधून माल कालवायचे, बादल्या भरून द्यायचे. त्या दिवसांत दोघं फारसं बोलत नसत. टाइल ठोकून बसवायला रबराचा हातोडा होता. त्याचाही आवाज झाला की बाई दचकून थांबायच्या, कान द्यायच्या आणि मग पुढची टाइल घ्यायच्या.

काका वॉकर घेऊन घरी आले ते पार वाळलेले. बहीण सोबत होती. बाई आणि यजमान पॅसेजमध्ये बाजूला उभे राहिले. काकांनी कोणाकडे पाहिलं नाही. बाथरूमच्या दारात थांबून त्यांनी फरशी पाहिली, वॉकरचा पाय दोनदा तिच्यावर घासून पाहिला. एका दांडीला धरून सगळा भार टाकला. मग दुसरीला.

"मी अंघोळ करणार," ते म्हणाले.

"दादा, आजच? आणि कडी लावू नकोस हं."

"लावणार," काका म्हणाले आणि आत गेले. कडी सरकल्याचा आवाज आला.

बहीण स्वयंपाकघरात निघून गेली. यजमान बाहेर जिन्यात जाऊन उभे राहिले. बाई दारासमोर उभ्याच. आत बादलीत पाणी पडू लागलं, थांबलं, मग पडू लागलं. मध्ये थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, तेव्हा बाईंनी भिंतीला हात टेकला. पुन्हा पाणी वाजलं.

कडी निघाली. काका बाहेर आले. केस ओले, नीट मागे फिरवलेले, अंगात स्वच्छ सदरा. समोर बाईंना बघून ते वॉकरवर थबकले.

"तुम्ही अजून इथेच?"

बाईंनी नुसती मान हलवली. काकांनी त्यांच्या पट्ट्या गुंडाळलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि खोलीकडे वळता वळता म्हणाले, "बसा मग. उभं राहून पाय भरून येतील."